सहावा हिस्सा

१८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीच्या भूमिहीन कुटुंबांनी विनोबांकडे जमीन मागितली, तेव्हा विनोबांच्या हाती द्यायला काहीच नव्हतं. त्यांनी ती मागणी गावासमोर ठेवली आणि रामचंद्र रेड्डी नावाच्या जमीनदाराने शंभर एकर देऊ केले. त्यानंतर तेरा वर्षं विनोबा देशभर चालत राहिले. मागणं एकच: घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा हिस्सा द्या. देणाऱ्याचं घर मोडू नये आणि घेणाऱ्याचं उभं राहावं, इतकाच वाटा त्यांनी मागितला. भूदानाची नैतिक ताकद मला या मापात दिसते.

गागोदे बुद्रुक हे त्यांचं जन्मगाव. पेण तालुक्याच्या डोंगराळ अंगाला वसलेल्या या गावात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे जन्मले. वडील पुढे बडोद्याला नोकरीला होते. आई रुक्मिणीबाई आणि आजोबा शंभुराव यांच्या सहवासात बालपणीची वर्षं इथेच गेली. आज या गावात उभं राहून सहावा हिस्सा कशाचा मागायचा, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. जमिनीचा प्रश्न सुटलेला नाही, पण तिच्या जोडीला आता आणखी काही संपत्ती आली आहे. ती काही थोड्या ठिकाणी साचते आणि बराच वेळ पडून राहते. विद्यापीठाच्या आवारात येणारी जाडजूड इंटरनेट जोडणी पहाटे तीन वाजता जवळजवळ रिकामी असते. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांतले संगणक संध्याकाळी पाचनंतर बंद होतात. रेडिओलहरींचे काही पट्टे कायद्याने कुणाच्या तरी नावावर आहेत आणि प्रत्यक्षात मुके आहेत. दुसरीकडे, पेण-रोह्याच्या डोंगरांतल्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांवर रेंज शोधत माणसं टेकाडावर चढतात.

या दोन टोकांना जोडायचा एक सौदा जगात काही ठिकाणी करून पाहिला गेला आहे. विद्यापीठाने गावाला स्वतःचं बिनतारी जाळं उभारायला मदत करायची आणि बदल्यात गावाने आपल्या संगणकांची मोकळी ताकद, आपली छपरं आणि आपला अनुभव संशोधनाला द्यायचा. हा सौदा न्याय्य होऊ शकतो असं माझं मत आहे. मात्र दोन्ही बाजूंना नेमकं काय मिळतं हे आधी खरेपणाने मांडलं तरच.

आपल्या सर्वांत जवळचं उदाहरण पालघरचं. २०१० नंतरच्या दशकात मुंबई आयआयटीच्या विद्युत अभियांत्रिकी विभागातल्या अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खामलोली आणि आसपासच्या पाड्यांवर एक प्रयोग केला. त्याचं नाव ‘ग्राममार्ग’. दूरदर्शनच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणासाठी ४७० ते ५९० मेगाहर्ट्‌झ हा पट्टा राखीव होता. आपल्याकडे असं प्रक्षेपण करणारी वाहिनी एकटी दूरदर्शन, त्यामुळे या पट्ट्यातल्या १५ पैकी १२ हून अधिक चॅनेल देशात जवळपास सगळीकडे रिकामी आहेत, असं याच गटाने २०१४ मध्ये हिशेब मांडून दाखवलं. अमेरिका-युरोपात अशा फटी शोधाव्या लागतात. आपल्याकडे बहुतेक पट्टाच फट होता.

हा पट्टा गावासाठी मोलाचा का, याचं उत्तर झाडांत आहे. आपल्या घरातलं वायफाय २.४ किंवा ५ गिगाहर्ट्‌झवर चालतं. इतक्या आखूड लहरींना दोन अँटेनांच्या मध्ये मोकळी नजर लागते. आंब्याचं एक दाट झाड, पावसाळ्यात पानांनी भरलेला साग, मधे आलेली डोंगराची सोंड, यांतलं काहीही सिग्नल खाऊन टाकतं. टीव्हीच्या पट्ट्यातल्या लहरी लांब असतात. त्या पानांतून बऱ्यापैकी पार होतात आणि टेकडीच्या कडेवरून थोड्या वाकतातही. म्हणून खामलोलीच्या परिसरात एका उंच मनोऱ्यावरून सुमारे २५ चौरस किलोमीटरमधल्या सात पाड्यांपर्यंत सिग्नल नेता आला, आणि पाड्यात पोचल्यावर नेहमीच्या वायफायने तो लोकांच्या हातात दिला. पुढे जाळं २५ गावांपर्यंत वाढवताना परवान्याची गरज नसलेला ५.८ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वापरावा लागला, कारण टीव्हीच्या पट्ट्याची परवानगी चाचणीपुरती होती. पट्टा मोकळा असणं आणि तो गावाला वापरता येणं यांत सरकारी शिक्क्याचं अंतर असतं. ते अंतर त्या पट्ट्याच्या बाबतीत अजून पार झालेलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘ग्राममार्ग’ला २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या स्पर्धेत सव्वा लाख डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यांनी सुचवलेली व्यवस्था. सरकार तालुक्यातून पंचायतीपर्यंत तार आणेल, खाजगी पुरवठादार जोडणी देईल, पंचायत गावातल्या जाळ्यात गुंतवणूक करील आणि गावातलाच एखादा तरुण ते चालवून त्यावर पोट भरील. पंचायतीला लाभार्थी न मानता भागीदार मानणारी ही मांडणी होती.

त्याआधीचा एक धागा कानपूरला सापडतो. तिथल्या आयआयटीत २००२ च्या सुमारास भास्करन रामन यांच्या गटाने गंगेच्या सपाट प्रदेशात साध्या वायफायचे कित्येक किलोमीटर लांबीचे दुवे उभारले. खोलीतल्या खोलीत चालण्यासाठी बनवलेलं तंत्र इतक्या अंतरावर अडखळत होतं: समोरून पोच यायला उशीर झाला की यंत्र संदेश हरवला असं समजून तोच पुन्हा पाठवत बसे. रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी त्यासाठी वेगळी शिस्त रचली. एका मनोऱ्यावरच्या सगळ्या अँटेना एकाच वेळी बोलतील, मग एकाच वेळी ऐकतील. पुढे हे दोघंही पवईला, मुंबई आयआयटीत आले. गाव नसतं तर हा प्रश्नच प्रयोगशाळेत दिसला नसता. विद्यापीठाला गावाकडून मिळणारी पहिली किंमत ही असते, आणि ती पैशात मोजली जात नाही म्हणून करारातही येत नाही.

तमिळनाडूत थेनीच्या परिसरात अरविंद नेत्र रुग्णालयाच्या खेड्यांतल्या केंद्रांना असेच लांब पल्ल्याचे वायफाय दुवे कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या मदतीने मिळाले. खेड्यातला रुग्ण कॅमेऱ्यासमोर बसतो, शहरातला डॉक्टर डोळा पाहतो. अशी जाळी जिवंत कशी ठेवायची यावर बर्कलीच्या गटाने २००८ मध्ये लिहिलं. त्यातला निष्कर्ष कोकणातल्या कुणाही वायरमनला लगेच पटेल: यंत्रं बिघडण्यामागे सर्वांत मोठा हात खराब विजेचा. लाईट जाते, येताना झटका देऊन येते आणि राऊटर जळतो. बिघाड कुठे झाला हे शहरात बसलेल्या तज्ज्ञाला कळत नाही आणि गावातल्या माणसाला तो दुरुस्त करण्याचा अधिकार नसतो.

संगणकशक्तीच्या देवघेवीचं सर्वांत धाडसी उदाहरण स्पेनच्या कातालोनिया प्रांतातलं आहे. ओसोना हा तिथला शेती आणि पशुपालनाचा मुलूख. मोठ्या टेलिफोन कंपनीला तिथे तार टाकणं परवडत नव्हतं. २००४ मध्ये गुर्ब या गावच्या रामोन रोका यांनी आणि शेजाऱ्यांनी छपरांवर अँटेना लावून एकमेकांना जोडायला सुरुवात केली. त्यातून ‘गुइफी डॉट नेट’ उभं राहिलं. २००८ मध्ये त्याची प्रतिष्ठान-नोंदणी झाली आणि पुढे जोडलेल्या ठिकाणांची संख्या ३५ हजारांवर गेली. बऱ्याच मार्गांवर आता फायबरही आहे. नियम साधा: जो जोडला जाईल त्याने दुसऱ्याला त्याच अटींवर जोडू द्यायचं. त्यावर धंदा करायला बंदी नाही, पण जो जाळं जास्त वापरतो त्याने देखभालीचा खर्च त्या प्रमाणात उचलायचा, आणि त्याचा हिशेब सगळ्यांसमोर असतो.

हे वाचताना मला आपल्या पांझरा खोऱ्यातली फड पद्धत आठवली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली फड, कुठल्या फडात यंदा कोणतं पीक हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या आणि त्यांचं वेतन शेतकऱ्यांकडून. पाटकऱ्यावाचून पाट चालत नाही. तसंच बिनतारी जाळंही अँटेनांच्या संख्येवर टिकत नाही. तुटलेलं जोडणाऱ्या माणसाच्या पोटाची सोय झाली तरच ते टिकतं.

बार्सिलोनाच्या पॉलिटेक्निक विद्यापीठाने गुइफीशी नातं जोडलं ते जाळं असं उभं राहिल्यावर. २०१३ ते २०१५ या काळात युरोपीय संघाच्या पैशातून त्यांनी एक प्रकल्प चालवला. लोकांच्या घरात, ग्रंथालयात, नगरपालिकेत छोटे, कमी वीज खाणारे संगणक ठेवायचे, त्यांवर ‘क्लाउडी’ नावाची मुक्त प्रणाली बसवायची आणि त्या सगळ्यांची मिळून गावाची स्वतःची साठवण आणि सेवा उभी करायची. फाइली ठेवणं, व्हिडिओ दाखवणं, जाळ्याच्या तब्येतीवर लक्ष ठेवणं ही कामं परदेशातल्या कुठल्या कंपनीच्या गोदामात न जाता शेजारच्या घरातल्या पेटीत व्हायची. विद्यापीठाला खरं, गजबजलेलं, अडचणींनी भरलेलं जाळं अभ्यासाला मिळालं आणि गावाला सेवा मिळाल्या. कौतुकाने सांगण्यासारखीच ही गोष्ट आहे. तरी मला त्यात एक भेद महत्त्वाचा वाटतो: तिथे जाळं आधी गावाचं होतं, विद्यापीठ नंतर आलं. प्रकल्पाची मुदत संपली तेव्हा गुइफी थांबलं नाही, कारण ते प्रकल्पाचं अपत्य नव्हतं.

आता मोकळ्या संगणकशक्तीचा हिशेब. घरोघरच्या पडून असलेल्या संगणकांना जोडून विज्ञान करता येतं हे बर्कलीच्या ‘सेटी ॲट होम’ने मे १९९९ पासून दाखवलं. परग्रहावरून येणाऱ्या संभाव्य संदेशांच्या शोधात लाखो लोकांनी आपली यंत्रं वापरायला दिली; मार्च २०२० मध्ये नवं काम पाठवणं थांबलं. त्याच महिन्यात करोनाच्या प्रथिनांचा अभ्यास करणाऱ्या ‘फोल्डिंग ॲट होम’कडे इतके स्वयंसेवक आले की त्यांची एकत्र ताकद त्या काळच्या सगळ्यात मोठ्या महासंगणकाच्या पुढे गेली. या कामाला वेगवान इंटरनेट लागत नाही. छोटं गाठोडं घरी येतं, यंत्र त्यावर तासन्‌तास खपतं आणि छोटंसं उत्तर परत जातं. म्हणून कमकुवत दुव्यावरचं गावही त्यात भाग घेऊ शकतं.

पण खर्च कुणाचा? एक जुना मेजावरचा संगणक काम करताना साधारण १०० वॅट घेतो असं धरू. रात्रीचे १० तास चालला तर एक युनिट, महिन्याला ३० युनिट. युनिटला आठ रुपये धरले तर एका संगणकामागे २४० रुपये. शाळेत दहा संगणक असतील तर महिन्याला २४०० रुपयांची वीज गावाने विद्यापीठाला फुकट दिली. शिवाय कोकणातली दमट हवा, धूळ, तापलेला पत्रा यांत यंत्राचं आयुष्य घटतं ते वेगळं. आणि ही ताकद किती? पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ बांधला तेव्हा देशाला एकेका गणनेची किंमत होती. आज राष्ट्रीय महासंगणक अभियानातून पुण्याच्या आयसरसारख्या संस्थांना मिळालेल्या यंत्रांपुढे शाळेतल्या दहा संगणकांची बेरीज नगण्य आहे. गावाची गणनशक्ती स्वस्तात मिळते म्हणून विद्यापीठाने खेड्यात यावं, असं सांगणं गावाची दिशाभूल करणारं ठरेल.

गावात ठेवलेल्या संगणकाचं खरं मोल तो गावात आहे, यातच आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. विजेचे खांब आडवे झाले, मोबाइल मनोरे गप्प झाले आणि कित्येक गावांचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटला. अशा वेळी बॅटरी आणि सौर पॅनेलवर चालणारं गावाचं जाळं बाहेरची तार तुटली तरी आतल्या आत बोलू शकतं: पाडा पंचायतीशी, पंचायत उपकेंद्राशी, उपकेंद्र शेजारच्या गावाशी. त्यासाठी संदेश साठवणारा सर्व्हर गावातच हवा. तो मुंबईत असेल तर एकाच घरातले दोन फोनही एकमेकांना सापडत नाहीत.

याहून जड गोष्ट डोंगराची. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. १९ जुलै २०२३ च्या रात्री पेणच्या शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गाडली गेली. तिथे रस्ता नव्हता, मदत पथकं अंधारात, पावसात पायी चढून गेली. दरड कोसळण्याआधी किती तासांत किती पाऊस पडला, माती किती भिजली, उतारावरची भेग किती रुंदावली, हे मोजणारी साधनं आता आवाक्यात आहेत. पण जिल्ह्याच्या ठिकाणी असलेलं पर्जन्यमापक वाडीवरच्या डोंगराचा पाऊस सांगत नाही. सह्याद्रीच्या घड्यांमध्ये चार-पाच किलोमीटरवर पाऊस निराळा असतो. साधनं वाडीवरच लागतील, त्यांचे आकडे गावाच्या जाळ्यावरून येतील आणि ‘आता खाली उतरा’ हा इशारा देणारं गणित गावातल्याच पेटीत चाललं पाहिजे, कारण ज्या रात्री ते हवं असतं त्याच रात्री बाहेरची जोडणी तुटलेली असते. विद्यापीठाला गावाने संगणकशक्ती द्यायची असेल तर ती आधी या कामाला द्यावी. संशोधकाला असा सलग, जागेवरचा पावसाचा लेखाजोखा दुसरीकडे मिळणार नाही, आणि वाडीला त्या गणिताचं उत्तर दुसऱ्या कुणाहीपेक्षा आधी लागतं. या ठिकाणी दोघांचा स्वार्थ एक होतो.

पेण तालुक्याला संपत्ती बाहेर जाण्याचा अनुभव नवा नाही. हेटवणे धरण याच तालुक्यात आहे, आणि त्याचं पाणी नवी मुंबईला जातं. खारेपाटातल्या गावांनी मात्र पिण्याच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं आवाज उठवला आहे. त्याच हेटवण्याच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांनी २१ सप्टेंबर २००८ रोजी विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर मतदान केलं. जमीन घेण्याआधी शेतकऱ्याचा कौल विचारण्याची ती देशातली दुर्मिळ घटना होती. २०१० मध्ये पेण अर्बन बँकेतल्या गैरव्यवहारांमुळे हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. जिथे हे सगळं घडलं तिथे तंत्रज्ञानाचा कुठलाही सामायिक उपक्रम घेऊन येणाऱ्याने दोन गोष्टींची तयारी ठेवली पाहिजे: ग्रामसभेचा होकार लेखी, आणि हिशेबाची वही उघडी. कुणाच्या संगणकावर रात्री काय चालतं, कोणता आकडा गावाबाहेर जातो, त्यावर कुणाचं नाव लागतं, हे मराठीत लिहून पंचायतीच्या फलकावर लावलं पाहिजे. घराघरातली खाजगी माहिती त्या यंत्रांना शिवताच कामा नये.

सहकाराच्या भूमीतही हे काम किती निसरडं असतं ते वारणेने दाखवलं. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातल्या सुमारे ७० गावांत संगणक केंद्रं उघडली, केंद्र आणि राज्य सरकारने पैसा घातला. शेतकरी त्यांचा वापर मुख्यतः एकाच कामाला करत होते: ऊस किती गेला, बिल किती झालं. मग २००६-०७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी काही गावांत तेच काम साध्या मोबाइल संदेशाने करून दाखवलं, आणि ते स्वस्त पडलं. वारणेला अपयश म्हणणारे घाई करतात. लोकांना काय हवं आहे हे तिथे कळलं. फक्त ते यंत्रं विकत घेण्याआधी विचारता आलं असतं.

भूदानाचाही हिशेब इथे विसरू नये. ४० लाख एकरांहून जास्त जमीन दान म्हणून नोंदली गेली. तिच्यातली बरीच खडकाळ निघाली, काही वादात अडकली, आणि मोठा भाग भूमिहीनांपर्यंत पोचलाच नाही. दात्याचं मन बदलण्याची ताकद विनोबांकडे होती. तलाठ्याच्या दप्तरात सातबारा बदलण्याची यंत्रणा त्यांच्या मागे पुरेशी उभी राहिली नाही. सगळ्या गावाने मिळून जमीन गावाच्या नावे करायची, त्या ग्रामदानाला पुढे कायद्याचा आधार मिळाला. महाराष्ट्राचा ग्रामदान कायदा १९६४ चा, आणि गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने त्याचा आधार घेत २०१३ मध्ये ग्रामदान केलं. सामायिक मालकीला लिखित रूप लागतं, आणि गावाच्या जाळ्यालाही ते लागेल: मनोरा कुणाच्या नावावर, राऊटर कुणाचे, प्रकल्प संपल्यावर ते कुणाकडे राहणार.

रायगड जिल्ह्यातच माणगाव तालुक्यात लोणेरे इथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, १९८९ च्या कायद्याने स्थापन झालेलं. पवई दूर नाही, पण लोणेरे आपल्या डोंगरांतलं आहे. विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षी प्रकल्प करावाच लागतो. गागोद्यासारख्या गावाशी विद्यापीठाने कायमचा करार केला तर दरवर्षीची तुकडी आधीच्या तुकडीच्या वहीपासून पुढे काम नेऊ शकते. विद्यापीठाची शैक्षणिक जोडणी सरळ गावाला वाटता येत नाही, हे खरं. त्याऐवजी डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेखाली परवानाधारक पुरवठादाराकडून जोडणी घेऊन दुकानातून, पंचायतीतून वायफाय देता येतं. देणाऱ्याला परवाना लागत नाही. २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झचे खुले पट्टे गावातल्या गावात वापरायला मोकळे आहेत. विद्यापीठाने द्यायचा तो आराखडा, दुरुस्तीचं शिक्षण, सुटे भाग आणि आपल्या सर्व्हरवरची जागा.

अडचण येते ती वेळापत्रकाची. विद्यार्थी मे महिन्यात परीक्षा देऊन घरी जातात. जूनमध्ये पाऊस सुरू होतो, विजेचे झटके बसतात, वाऱ्याने अँटेनेची दिशा फिरते, आणि दरडींचे दिवसही तेच. जाळ्याला माणसाची सर्वांत जास्त गरज भासू लागते नेमकं तेव्हाच विद्यापीठ रिकामं असतं. म्हणून आयटीआय झालेले गावातले दोन तरुण, मुलगा असो की मुलगी, पगारावर नेमावेत. मनोऱ्यावर सुरक्षित चढण्याचं प्रशिक्षण, सुरक्षा-पट्टा आणि विमा त्यांना द्यावा. राऊटर उघडण्याचा, बदलण्याचा अधिकार त्यांच्याकडे असावा. करारात जून ते सप्टेंबरच्या त्यांच्या पगाराचा आकडा सर्वांत वर लिहावा, आणि ती रक्कम तीन वर्षांच्या प्रकल्पनिधीतून न येता विद्यापीठाच्या दरवर्षीच्या अंदाजपत्रकातून यावी.